घटक ४ : पात्राचे स्वतंत्र जीवन आणि पात्राची भाषा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• ‘पात्र लेखकाच्या हातून निसटते’ या अनुभवाचे स्वरूप सांगता येईल.
• या अनुभवाची साहित्यिक आणि मानसशास्त्रीय कारणे स्पष्ट करता येतील.
• पात्राचे स्वातंत्र्य आणि पात्राची भाषा यांचा संबंध उदाहरणांसह मांडता येईल.
• पात्राचे खरे स्वातंत्र्य आणि लेखनातील स्वैरपणा यांतील भेद ओळखता येईल.
• आपल्या परिसरातील बोलीच्या आधारे एखादे पात्र उभे करण्याचा प्रयत्न करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत तुम्ही कथानक, वातावरण आणि निवेदन या कथात्म साहित्याच्या अंगांचा परिचय करून घेतला आहे. आता पात्राचा विचार करावयाचा आहे. पात्राचे वर्णन कसे करावे, त्याचे स्वभावविशेष कोणते, याची चर्चा बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. या घटकात मात्र आपण एका वेगळ्या प्रश्नाकडे वळणार आहोत. अनेक कथाकार, कादंबरीकार आणि नाटककार सांगतात, “मी ठरवले होते एक, पात्राने केले दुसरेच.” लेखकानेच निर्माण केलेले पात्र लेखकाचे ऐकत नाही, म्हणजे नेमके काय घडते? हा केवळ बोलण्याचा एक प्रकार आहे, की लेखनप्रक्रियेतील एखादे सत्य त्यातून व्यक्त होते?

विवेचनाच्या सोयीसाठी आपण ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके समोर ठेवणार आहोत. मुंबईपासून फार दूर नसलेला हा प्रदेश भाषेच्या दृष्टीने अतिशय संपन्न आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा अनेक समाजांची वस्ती येथे आहे आणि एकाच आठवडे बाजारात मराठीची अनेक रूपे कानावर पडतात. शहापूरचा तरुण आसनगाव स्थानकावर लोकल पकडून ठाण्या-मुंबईला कामाला जातो. मुरबाडला रेल्वे नाही, तेथील माणूस एसटीने वा जीपने कल्याण गाठतो. घरी एक भाषा, गाडीत दुसरी, कामावर तिसरी अशी भाषिक ये-जा या प्रदेशात रोज चालते. तुम्ही अन्य जिल्ह्यांतील असाल, तर या उदाहरणांच्या जागी आपला परिसर ठेवून हा घटक वाचावा.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ‘पात्र ऐकत नाही’ : लेखकांचा अनुभव

या अनुभवाचे जागतिक साहित्यातील एक प्रसिद्ध उदाहरण लिओ टॉलस्टॉय यांचे आहे. ‘अ‍ॅना कॅरेनिना’ ही कादंबरी लिहीत असताना, १८७६ साली निकोलाय स्त्राखोव्ह या समीक्षकमित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी व्रॉन्स्की या पात्राविषयी एक हकीकत कळवली आहे. अ‍ॅनाच्या पतीशी झालेल्या भेटीनंतर व्रॉन्स्कीची मनःस्थिती काय होते, हे प्रकरण त्यांनी पूर्वीच लिहून ठेवले होते. ते दुरुस्त करण्यास बसले असता, अगदी अनपेक्षितपणे, व्रॉन्स्की स्वतःवर गोळी झाडून घेण्यास निघाला. पुढील कथेसाठी ही घटना किती आवश्यक होती, हे टॉलस्टॉय यांना नंतर उमगले.

या हकीकतीतील एक तपशील ध्यानात ठेवावा. हा प्रकार पहिल्या खर्ड्याच्या वेळी घडलेला नाही, तो दुरुस्तीच्या वेळी घडला आहे. पात्र स्वतंत्र होण्यासाठी लेखकाला त्याच्या सहवासात पुरेसा काळ घालवावा लागतो. पहिल्या भेटीत कोणीच मोकळेपणाने बोलत नाही. पात्रही बोलत नाही.

मराठीत या अनुभवाविषयी विजय तेंडुलकर यांनी स्पष्टपणे सांगितले आहे. १९९७ साली दिल्लीत श्रीराम स्मृती व्याख्यान देताना त्यांनी आपल्या नाट्यलेखनाची प्रक्रिया उलगडून दाखवली. केवळ एखादी कल्पना वा विषय हाती घेऊन आपल्याला नाटक लिहिता येत नाही. आधी माणसे दिसावी लागतात, ती आपली आपण हालचाल करताना दिसावी लागतात, एकमेकांशी वा स्वतःशी बोलताना ऐकू यावी लागतात, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे ‘दिसणे’ आणि ‘ऐकू येणे’ ही क्रियापदे महत्त्वाची आहेत. लेखकाची भूमिका येथे एखाद्या साक्षीदाराची आहे.

तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा विचार करू. हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. त्यातील लीला बेणारेचे शेवटचे दीर्घ स्वगत मराठी रंगभूमीवर गाजले. हे स्वगत तेंडुलकरांच्या मूळ योजनेत नव्हते; दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे ते लिहिले गेले. संपूर्ण नाटकभर सर्वांनी जिच्याविषयी बोलून घेतले, तिला शेवटी बोलू द्यावयाचे की नाही, असा तो प्रश्न होता. तेंडुलकरांनी त्याचे जे उत्तर शोधले ते मार्मिक आहे. अभिरूप न्यायालय बेणारेला बोलण्यासाठी अवघे दहा सेकंद देते. ती बोलते तेव्हा भोवतालची पात्रे गोठून उभी असतात. म्हणजे प्रेक्षक तिचे सर्व काही ऐकतात, पण त्या खोलीतील एकाही माणसाला ते ऐकू जात नाही. त्या माणसांसमोर बेणारे असे कधीच बोलली नसती, हे सत्य लेखकाने राखले आणि तिचे बोलणेही आपल्यापर्यंत पोहोचवले. पात्राला स्वातंत्र्य देणे म्हणजे त्याला हवे तेवढे बोलू देणे, एवढाच अर्थ नव्हे. ते कोणासमोर बोलेल आणि कोणासमोर गप्प राहील, याचाही मान राखणे त्यात येते.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातील एक उदाहरणही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमुना स्वतःची कहाणी स्वतः सांगते. पुरुष लेखकाने स्त्रीच्या मुखातून, घरातील बायकांच्या बोलण्यातून, कथा सांगण्याचा हा प्रयत्न होता. क्रमशः लेखनाची एक अट असते. छापून गेलेला मजकूर मागे घेता येत नाही. यमुना एकदा ज्या सुरात बोलली, तो सूर पुढील अंकात लेखकावर बंधनकारक होतो. पात्राचे आधीचे बोलणे लेखकाचे हात कसे बांधते, हे यावरून समजते.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्रॉन्स्कीविषयीचा अनपेक्षित अनुभव टॉलस्टॉय यांना लेखनाच्या कोणत्या टप्प्यावर आला?
(आ) तेंडुलकरांच्या मते नाटक लिहिण्यापूर्वी नाटककाराजवळ काय असावे लागते?
(इ) क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची कोणती अट पात्राला बळ देते?

४.३.२ या अनुभवाची चिकित्सा

पात्राला खरोखर इच्छा नसते, देह नसतो, आणि कागदाबाहेर त्याला आयुष्यही नसते. मग हा अनुभव आला कोठून?

या प्रश्नाचा अभ्यास मानसशास्त्रातही झाला आहे. अमेरिकेतील मार्जोरी टेलर या लहान मुलांच्या काल्पनिक सवंगड्यांचा अभ्यास करीत होत्या. खेळताना मूल ज्या अदृश्य मित्राशी बोलते, तो मित्र कधीकधी मुलाचेही ऐकत नाही, त्याच्याशी भांडतो, असे मुले सांगतात. हाच धागा पकडून टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ४६ जणांनी, म्हणजे ९२ टक्के लेखकांनी, पात्रांच्या स्वतंत्र वागण्याचा काही ना काही अनुभव सांगितला. या अनुभवाला आपण ‘स्वतंत्र कर्तृत्वाचा आभास’ म्हणू. पुढे ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिंबरोच्या ग्रंथमहोत्सवात आलेल्या १८१ लेखकांची पाहणी केली. त्यांपैकी ६३ टक्के लेखकांनी लिहिताना पात्रांचे आवाज ऐकू येतात असे सांगितले, आणि ६१ टक्के लेखकांनी पात्रे आपल्या मनाने वागू शकतात असे सांगितले. थोडक्यात, हा अनुभव विरळा नाही आणि तो केवळ थोर प्रतिभावंतांचाही नाही.

याचे स्पष्टीकरण रोजच्या जगण्यात सापडते. आपल्या घरातील माणूस एखाद्या प्रसंगी काय म्हणेल, हे तो बोलण्याआधीच आपल्याला कळते. लग्नाचा खर्च वाढला की आत्या कोणते वाक्य उच्चारणार, उशिरा घरी आल्यावर वडील काय विचारणार, हे आपण विचार न करता जाणतो. आपण त्यांच्या वाक्यांची गोळाबेरीज करीत बसत नाही. वाक्य आपोआप कानात उमटते. वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्या माणसाची एक प्रतिमा आपल्या मनात घडलेली असते आणि ती प्रतिमा मुख्यतः त्याच्या बोलण्याची असते. पात्राबाबतही हेच घडते. पात्राशी लेखकाचा सहवास पुरेसा झाला, की त्याचे वाक्य विचारपूर्वक ‘रचावे’ लागत नाही. ते सुचण्याची क्रिया लेखकाच्या जाणिवेआड घडते, म्हणून ते वाक्य दुसऱ्या कोणाकडून आल्यासारखे भासते.

सर्वच लेखकांना ही कल्पना मान्य आहे असे नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत पात्रांच्या बंडखोरीविषयी आपुलकीने लिहिले आहे. व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी मात्र १९६७ मधील एका मुलाखतीत या कल्पनेची थट्टा केली आणि आपली पात्रे गलबतावर वल्ही मारणाऱ्या गुलामांसारखी आहेत, असे सांगितले. या दोन मतांपैकी एकच खरे मानण्याचे कारण नाही. फॉर्स्टर लिहिताना येणाऱ्या अनुभवाविषयी बोलत आहेत. नाबोकोव्ह अंतिम जबाबदारीविषयी बोलत आहेत. पात्राने काय केले याचा जाब वाचक लेखकालाच विचारतो, हे नाबोकोव्ह यांचे म्हणणे योग्यच आहे.

रशियन विचारवंत मिखाइल बाख्तिन यांनी या चर्चेला वेगळी दिशा दिली. दोस्तोयेव्हस्कीवरील आपल्या १९२९ च्या ग्रंथात त्यांनी ‘अनेकस्वरता’ ही संकल्पना मांडली. दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांतील पात्रे लेखकाच्या मतांचे भोंगे नाहीत. लेखकाच्या आवाजासमोर उभा राहील, त्याला उत्तर देईल असा त्यांचा स्वतःचा आवाज आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बाख्तिन यांच्यामुळे पात्राच्या स्वातंत्र्याचा प्रश्न लेखकाच्या मनातून भाषेत आला. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो येथेच हाती लागतो.

४.३.३ पात्राची भाषा : स्वातंत्र्याचा पाया

आता या घटकाचे मुख्य प्रतिपादन लक्षात घ्या : पात्र लेखकाचे ऐकेनासे होते तेव्हा बहुधा असे घडलेले असते, की लेखकाला हवे असलेले वाक्य त्या पात्राच्या भाषेत बोलताच येत नाही. पात्राचा नकार हा पुष्कळदा भाषेचा नकार असतो.

हे तीन पातळ्यांवर पाहू.

*(१) शब्दसंग्रह.* प्रत्येक माणसाजवळ आपल्या कामाचे, घराचे, देवाधर्माचे शब्द असतात. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ सालचे आहे. याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीवर ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून वारंवार छापले जाते. जलाशयाच्या काठच्या पाड्यावर राहणारी एखादी म्हातारी तुम्ही कथेत आणली आणि तिच्या तोंडी हेच वाक्य घातले, तर ती म्हातारी तेथेच संपते. उरतो तो बातमीदार. ती कदाचित एवढेच विचारील, “आला का रे टँकर?” आणि हंडा उचलील. तिच्या तक्रारीला म्हणीची गरज नाही. म्हणीची गरज लेखकाला वाटली होती.

*(२) संबोधन आणि व्याकरण.* मराठीत समोरच्या माणसाशी असलेले नाते क्रियापदापर्यंत पोहोचते. ‘तू ये’, ‘तुम्ही या’, ‘आपण यावे’ या तीन रूपांत तीन वेगवेगळे सामाजिक संबंध आहेत. प्रमाण मराठीत मोठ्या वा प्रतिष्ठित माणसाला ‘तू’ म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. आई आणि देव यांचा अपवाद आहे. परंतु अनेक आदिवासी बोलींत परक्या वा वडीलधाऱ्या माणसालाही सहजपणे एकवचनात संबोधतात. त्यात उद्धटपणा नसतो, बंडही नसते. तो त्या भाषेचा साधा नियम असतो.

अशा बोलीत बोलणारी स्त्री भट्टीमालकाशी बोलत आहे, असे समजा. लेखकाने तिच्या तोंडी ‘तुम्ही’ घातले, तर तिच्या भाषेत नसलेली अदब, आणि अदबीबरोबर येणारी लीनता, त्याने तिच्यावर लादली. त्याने ‘तू’ घातले, तर शहरातील वाचकाला तिचा आवेश दिसेल. तोही तिचा नाही. म्हणजे एका सर्वनामाच्या निवडीने पात्राचा स्वभाव बदलतो. लेखकाने तिचा ‘तू’ स्वीकारला आणि निवेदनातून तो सहज असल्याचे वाचकाला उमगू दिले, की त्या स्त्रीला वाकून बोलायला लावणे त्याला अवघड जाते. वाक्यरचनाच तिला ताठ उभी ठेवते.

*(३) भाषांतर आणि मौन.* एकच माणूस दिवसभरात एकाच भाषेत बोलत नाही. कसारा लोकलने कामावर जाणारा तरुण घरी आजीशी बोलीत बोलतो, डब्यातील मित्रांशी मिश्र भाषेत, साहेबांशी प्रमाण मराठीत वा हिंदीत. या बदलांत त्याच्या आशा, संकोच आणि भीती दडलेल्या असतात. साहेबांसमोर आजीचा फोन आल्यावर तो कोणत्या भाषेत उत्तर देतो, हा एक संपूर्ण कथेचा विषय होऊ शकतो. काही वेळा पात्र शब्दांवाचूनच बोलते. बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारातील दलालाचे पात्र रंगवताना त्याला बडबडा केले, तर त्याचा व्यवसायच त्याच्या हातून जाईल.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी या दृष्टीने अवश्य अभ्यासावी. दारिद्र्याशी झुंजणारी कौतिक वऱ्हाडीत बोलते. तिची वऱ्हाडी ही प्रादेशिक रंगासाठी वापरलेली सजावट नाही. तिचा राग, तिची जिद्द, तिचा हिशेबीपणा त्याच बोलीत घडलेला आहे. तिचे संवाद प्रमाण मराठीत लिहून पाहिले, तर घटना त्याच राहतात, कौतिक राहत नाही.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २*

चूक की बरोबर ते लिहा.
(अ) बोलीतील ‘तू’ हे नेहमीच बंडाचे वा अनादराचे चिन्ह असते.
(आ) पात्राचा नकार हा पुष्कळदा भाषेचा नकार असतो.
(इ) बोलीचा वापर केवळ प्रादेशिक रंग आणण्यासाठी करावा.

४.३.४ एक प्रात्यक्षिक : उचल

वरील विवेचन प्रत्यक्ष लेखनात कसे उतरते, हे पाहण्यासाठी एक छोटी कल्पित कथा बेतू. विषय परिचयाचा आहे. खरिपाची कामे आटोपली, दिवाळी झाली, की ठाणे जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जाण्यापूर्वी भट्टीमालकाकडून आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. विटांची मजुरी हजारावर मोजतात आणि हंगामाच्या शेवटी उचल व खर्ची वजा करून हिशेब होतो. काम नवरा-बायको दोघे करतात, मुलेही हात लावतात. वहीत नाव मात्र बहुधा पुरुषाचे असते. उचल फिटत नाही तोवर मजुराला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

*योजना :* मुरबाड तालुक्यातील एका पाड्यावर मुकादम उचल घेऊन येतो. घरातील स्त्री ती नाकारते आणि शोषणाविरुद्ध बोलते. मुकादम परत जातो. कथा संपते.

*पहिला खर्डा :* “मुकादम, तुमच्या या पैशांनी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गुलामगिरीत लोटल्या आहेत. आम्ही ही उचल स्वीकारणार नाही!”

हे वाक्य तपासा. ‘पिढ्यान्‌पिढ्या’, ‘गुलामगिरी’, ‘स्वीकारणे’ हे शब्द कोणाचे? सभेतील वक्त्याचे. लेखकाची तळमळ खरी आहे. पण ती बाई येथे बोलतच नाही. तिच्या जागी लेखक उभा आहे आणि तिचे तोंड तेवढे त्याने वापरले आहे. गंमत अशी की, शोषणाविरुद्ध लिहिताना त्याने तिचे बोलणेच काढून घेतले.

आता तिच्याविषयी काही साधे प्रश्न विचारा. तिला नेमके काय ठाऊक आहे? गेल्या हंगामात किती हजार विटा पाडल्या, हे तिला ठाऊक आहे. दर आठवड्याची खर्ची तिच्या लक्षात आहे. घरातले भात कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, हे तर तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. ती मुकादमाशी कसे बोलेल? तिच्या बोलीचा नियम असेल तसे, म्हणजे एकवचनात.

*दुसरा खर्डा :* ती म्हणाली, “गेल्या सालचा हिशेब सांग आधी.”

(येथे आम्ही वाक्य मुद्दाम साध्या बोलभाषेत ठेवले आहे. ते कोणत्या बोलीत कसे उच्चारले जाईल, हे तुम्ही आपल्या कानाने ठरवून लिहावे.)

एवढ्या एका वाक्याने काय होते ते पाहा. मुकादमाला उत्तर द्यावे लागते. तो वही काढतो. नवरा तिला गप्प बसायला सांगतो, कारण पैसे त्याला हवे आहेत. मुकादम आकडा वाचतो. तो तिच्या मनातील आकड्याशी जुळत नाही. आता ती काय करील? लेखकाची इच्छा आहे की तिने पैसे भिरकावून द्यावेत. पण घरातले भात माघापलीकडे पुरणार नाही, हे तिनेच आपल्याला सांगितले आहे. ती पैसे भिरकावणार नाही. ती म्हणते, “पैसे ठेव. पण वहीत माझं पण नाव घाल.”

हे वाक्य योजनेत नव्हते. ते आले, कारण आधीच्या वाक्याने तिला हिशेब मागणारी बाई केले आणि हिशेब मागणारी बाई शेवटी आपल्या नावापाशी येणारच. कथेचा शेवट बदलला. ती भट्टीवर जाणार आहे. सुटका झालेली नाही. तरीही पहिल्या खर्ड्यातील भाषणापेक्षा हा विरोध अधिक टोकदार आहे, कारण त्याला उत्तर देणे मुकादमाला जड जाते. लेखकाला तिची दया आली होती. तिला दया नको, नोंद हवी होती.

पात्र लेखकाच्या हातून निसटणे, ते हेच. त्यात कोणताही चमत्कार नाही. लेखकाने तिचे एक खरे वाक्य ऐकले आणि पुढची वाक्ये त्या वाक्याशी इमान राखत गेली, एवढेच घडले आहे.

४.३.५ स्वातंत्र्य आणि स्वैरपणा

‘पात्राने मला असे लिहायला लावले’ ही सबबही होऊ शकते. कथा भरकटली, शेवट जमला नाही, की लेखक दोष पात्रावर ढकलतो. म्हणून पात्राने घेतलेले वळण पुढील तीन कसोट्यांवर घासून पाहावे.

*पहिली कसोटी – मागचा धागा.* अनपेक्षित कृती घडल्यावर मागे वळून पाहिले असता ती अपरिहार्य वाटते का? व्रॉन्स्कीच्या बाबतीत टॉलस्टॉय यांना तसे वाटले. वरील कथेत वहीतील नावाची मागणी हिशेबाच्या मागणीतून उगवते. मागे धागा नसेल, तर ते वळण केवळ धक्का देण्यासाठी आणलेले असते.

*दुसरी कसोटी – अवघड प्रसंग.* पात्राच्या नावाखाली लेखक स्वतःला अवघड वाटणारा प्रसंग टाळत तर नाही ना? पात्र अचानक गाव सोडते, आजारी पडते वा मरते, तेव्हा हा प्रश्न आवर्जून विचारावा. जिवंत पात्र लेखकाला बहुधा सोप्या वाटेवरून अवघड वाटेवर नेते.

*तिसरी कसोटी – उसना आवाज.* पात्राच्या तोंडून आलेले वाक्य दूरचित्रवाणी मालिकेतून, चित्रपटातून किंवा भाषणातून आलेले नाही ना? सहज सुचलेले प्रत्येक वाक्य पात्राचे असतेच असे नाही. पुष्कळ वेळा ते केवळ वारंवार ऐकलेले असते. ग्रामीण वा आदिवासी पात्रांबाबत हा धोका अधिक आहे. भोळाभाबडा आदिवासी, विनोदी गावंढळ नोकर, सोशिक कष्टकरी स्त्री हे साचे तयार आहेत. अशा साच्यातील पात्राच्या तोंडी बोलीचे चार शब्द घातले, तरी ते जिवंत होत नाही. बोलीची नक्कल वेगळी आणि बोलीतून विचार करणे वेगळे.

मित्रहो, येथे तुमच्यापैकी अनेकांचा संबंध येतो. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी प्रमाण मराठीहून भिन्न बोली बोलली जाते. शाळेत ती ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त केली गेली असेल. त्यामुळे लिहायला बसताच आपण घरची भाषा बाहेर ठेवून येतो, आणि मग आपली पात्रेही बाहेरच राहतात. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रत्येक बोलीला आपले व्याकरण असते. परीक्षेची उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत लिहिणे योग्यच आहे. कथेतील आजीला मात्र परीक्षा द्यायची नसते. जी भाषा तुम्ही पुस्तकातून नव्हे तर माणसांतून शिकलात, तिच्यातच तुम्हाला नकार, रुसवा, टोमणा आणि माया यांचे खरे सूर ऐकू येतात. ज्याला ते ऐकू येतात, त्याच्याच पात्रांना लेखकाला ‘नाही’ म्हणता येते.

४.४ सारांश

लेखनाच्या ओघात पात्रे स्वतंत्रपणे वागू लागतात, हा अनुभव टॉलस्टॉय यांच्यापासून तेंडुलकरांपर्यंत अनेकांना आला आहे आणि मानसशास्त्रीय पाहण्यांतही त्याची नोंद झाली आहे. पात्राशी दीर्घ सहवास झाल्यावर त्याचे बोलणे लेखकाच्या जाणिवेआड घडू लागते. त्यामुळे हा आभास निर्माण होतो. अंतिम जबाबदारी लेखकाचीच असते. या स्वातंत्र्याचा पाया भाषेत आहे. शब्दसंग्रह, संबोधन आणि मौन यांच्या मर्यादा पाळल्या, की पात्र लेखकाच्या आयत्या वाक्यांना नकार देते आणि कथेला खरे वळण मिळते. हे वळण मागचा धागा, अवघड प्रसंग आणि उसना आवाज या तीन कसोट्यांवर तपासावे. ज्या समाजांविषयी इतरांनीच अधिक लिहिले आहे, त्यांच्या बाबतीत पात्राला त्याची भाषा देणे हे कलेइतकेच न्यायाचेही काम आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

*स्वतंत्र कर्तृत्वाचा आभास* – पात्र आपल्या इच्छेने बोलते वा वागते, असा लेखकाला येणारा अनुभव.
*अनेकस्वरता* – एका कलाकृतीत लेखकाच्या आवाजाबरोबर पात्रांचे स्वतंत्र आवाज नांदणे.
*संबोधन* – समोरच्या व्यक्तीला उद्देशून वापरलेले नाम, सर्वनाम वा नातेवाचक शब्द.
*उचल* – हंगामी मजुराला कामापूर्वी दिली जाणारी आगाऊ रक्कम.
*खर्ची* – कामाच्या काळात दर आठवड्याला खर्चासाठी मिळणारी रक्कम.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

*प्रश्न – १*
(अ) आधी लिहिलेल्या प्रकरणाची दुरुस्ती करताना.
(आ) आपली आपण वावरणारी आणि बोलणारी पात्रे.
(इ) छापून गेलेला मजकूर मागे घेता येत नाही, ही अट.

*प्रश्न – २*
(अ) चूक. (आ) बरोबर. (इ) चूक.

४.७ स्वाध्याय

१. ‘पात्राचे स्वातंत्र्य म्हणजे लेखकाच्या जबाबदारीतून सुटका नव्हे.’ फॉर्स्टर आणि नाबोकोव्ह यांच्या मतांच्या आधारे चर्चा करा.
२. बेणारेच्या स्वगताच्या आधारे पात्राचे बोलणे आणि मौन यांचा संबंध स्पष्ट करा.
३. ‘धग’मधील कौतिकचे कोणतेही पाच संवाद निवडा, ते प्रमाण मराठीत लिहा आणि काय हरवले ते सांगा.

४.८ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या गावातील आठवडे बाजार, एसटी थांबा किंवा रेशन दुकान येथे अर्धा तास थांबून कानावर पडलेली दहा वाक्ये जशीच्या तशी टिपून घ्या. बोलणाऱ्यांची नावे लिहू नका. प्रत्येक वाक्यात कोणते सर्वनाम आणि कोणते नातेवाचक संबोधन आले, त्याची नोंद करा.

२. ४.३.४ मधील कथा मुकादमाच्या बाजूने, त्याच्या भाषेत, दोनशे शब्दांत लिहा. तोही कोणाकडून तरी उचल घेऊन आलेला माणूस आहे, हे ध्यानात ठेवा. लिहिताना तो तुमच्या योजनेबाहेर एखादे वाक्य बोलला, तर ते खोडू नका. समासात खूण करा आणि आपल्या समंत्रकांशी त्यावर चर्चा करा.